भरतीच्या रेघेवरचं गवत

मालजाने तीन थडगी रचून घेतली तेव्हा गावात कुणी मेलेलं नव्हतं. तिला गवताची परीक्षा घ्यायची होती.

गेनमोरीच्या समुद्रबांधावर तालुका कचेरीने तोवर दोनदा हिरवळ अंथरली होती, आणि दोन्ही वेळा ती गेली होती. पहिली वादळात उडालेल्या खाऱ्या तुषारांनी जळाली. दुसरीने वादळाची वाटही पाहिली नाही. खालून मीठ वर चढलं आणि उन्हाळा संपायच्या आत सगळा बांध जुन्या चटईच्या रंगाचा झाला. टीव्हीवाले येऊन चित्रण करून गेले. शेजारच्या बंदरातले लोक मासळीबाजारात गेनमोरीच्या बायकांना विचारू लागले, "काय, तुमची पिवळी हिरवळ बरी आहे ना?"

शेवटी कचेरीतल्या ब्योनबाईंनी ठरवलं की आता अंदाजाने काही लावायचं नाही. ब्योनबाई तिशीच्या आतल्या, पण डोकं जागेवर असलेल्या. तीन गवतं शेजारीशेजारी लावायची, दर पंधरवड्याला त्यांना समुद्राच्या पाण्याच्या बादल्या पाजायच्या, आणि दोन वर्षांनी बाहेरच्या परीक्षकांना बोलवून जे टिकेल ते निवडायचं. निवडलेलं गवत बांधावरच्या तीन हजार प्योंग, म्हणजे अडीचेक एकर जागेत लागणार होतं.

पहिलं गवत हाकगूचं. हाकगू म्हणजे मालजाचा धाकटा दीर. आतल्या डोंगरपट्ट्यात त्याची गवताची मोठी शेती होती आणि अर्ध्या प्रांतातल्या शाळांची मैदानं त्याच्या गवताने झाकलेली होती. दुसरं एका कंपनीचं, उष्ण देशातून आणलेलं परदेशी. आणि तिसरं मालजाचं. सदुसष्ट वर्षांची विधवा बाई. भातही न उगवणाऱ्या खाऱ्या जमिनीचा एक तुकडा खंडाने घेऊन ती कसलंतरी खाजणगवत वाढवते, एवढंच लोकांना माहीत होतं.

वाफे सपाट नकोत, उंचवटे करा, हे मालजानेच सुचवलं.

"सपाट जागेत कुठलंही गवत शहाण्यासारखं वागतं," ती ब्योनबाईंना म्हणाली होती. "उंचवट्यावर चढवा. एक तोंड समुद्राकडे, एक डोंगराकडे. पाणी टिकत नाही, वारा चारी बाजूंनी सोलतो. थडग्यावर जे धरतं तेच खरं गवत."

ब्योनबाईंना पटलं. पण ज्या म्हाताऱ्याला मातीकामासाठी बोलावलं त्याने चाळीस वर्षं गवताने झाकलेली मातीची गोल थडगीच रचली होती, आणि त्याच्या हाताला दुसरं काही येत नव्हतं. त्याने तीन छान गोल उंचवटे केले, त्यांची तोंडं दक्षिणेला केली आणि सवयीने प्रत्येकाच्या मागे चंद्रकोरीसारखा बांधही घातला. पुढे नंबराच्या प्लास्टिकच्या पाट्या वाऱ्याने उडाल्या म्हणून सरपंचांनी एक, दोन, तीन असे आकडे कोरलेले दगड पुढ्यात रोवले. आता त्या उंचवट्यांत आणि थडग्यांत एवढाच फरक उरला होता की आत कुणी नव्हतं.

दोन वर्षं सरत आली तेव्हा निकाल डोळ्यांना दिसत होता. परदेशी गवत मिठाला पुरून उरलं, पण पहिल्याच थंडीत अर्धं मेलं आणि त्या टकलावर गुडघाभर तण माजलं. हाकगूचं गवत डोंगराच्या बाजूला हिरवं आणि समुद्राच्या बाजूला करपलेलं, अर्धी दाढी केलेल्या माणसासारखं. मालजाचं मात्र दोन्हीकडे सारखं दाट होतं. शेवटचे दीड महिने कुणी कापायचं नाही असा नियम होता, त्यामुळे तिन्ही उंचवटे झिपरे दिसत होते. दोन आठवडे उरले होते.

त्या दोन आठवड्यांवर मालजाचं सगळं होतं. तिच्या शेताचा खंड ह्या हिवाळ्यात संपत होता आणि मालकाने तिथे उन्हापासून वीज करणारे पत्रे बसवायचं ठरवलं होतं. गवत निवडलं गेलं तर ब्योनबाईंची कचेरी जमीन राखून ठेवणार होती. नाही तर एकोणीस वर्षं निवडत, वेचत आणलेलं गवत पत्र्यांखाली अंधारात मरणार होतं, आणि दुसरीकडे नेऊन पुन्हा सुरुवात करायचं तिचं वय राहिलं नव्हतं.

छुसक म्हणजे पूर्वजांना नैवेद्य वाहायचा शरदातला सण, त्याच्या आधीचे रविवार म्हणजे गावात थडग्यांवरचं गवत कापायचा हंगाम. शहरातली मुलं येतात, यंत्रं घरघरतात, ज्यांची येत नाहीत त्यांच्या नावाने बोटं मोडली जातात. मालजाने आपल्या नवऱ्याच्या थडग्यावरचं गवत गुरुवारीच कापून टाकलं होतं. रविवारी ती अंगणात लाल मिरच्या उलटत बसली होती, तेव्हा बांधाच्या बाजूने यंत्राचा आवाज आला. आधी तिने लक्ष दिलं नाही. मग ती मिरच्या तशाच टाकून उठली. त्या बाजूला कापायला कुणाचं काही उरलंच नव्हतं.

ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. तिन्ही उंचवटे मातीपर्यंत तासून काढले होते. नुसते कापले नव्हते, पाठी घासल्यासारखे घासले होते. कापलेलं गवत गोळा करून बाजूला रचलं होतं. दोन माणसं यंत्रं पुसत होती आणि तिसरा, पन्नाशीचा, तिसऱ्या उंचवट्यापुढे जमिनीला कपाळ टेकून हमसून रडत होता. पुढ्यात सुका मासा, सफरचंदं, सोजू दारूची बाटली.

"बाबा," तो म्हणत होता, "अकरा वर्षं आलो नाही. माफी मागायलासुद्धा तोंड नाही."

मालजाच्या जिभेवर सणसणीत शिव्यांची रांग लागली होती. पण बापापुढे डोकं टेकलेल्या माणसाला मध्येच हाक कशी मारायची? ती हात बांधून उभी राहिली. त्याचे दोन नमस्कार झाले. मग तो उठला आणि उरलेली सोजू त्याने उंचवट्याभोवती गोल ओतली. मालजाने डोळे मिटून घेतले.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं, काकू. उशिरा का होईना, झालं."

"कोण आहे आत?"

"माझे वडील. हे आजोबा, ते पणजोबा. प्यो घराणं आमचं. मी जेमान. तुम्ही गावातल्याच ना?"

"गावातलीच. तुझ्या वडिलांना मी चांगली ओळखायची, बाळा. बारीक होते खरे, पण इतके नाही. ह्यात कुणीच नाहीये."

जेमान तिच्याकडे बघतच राहिला. तिने सगळं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्याचे दोघे चुलतभाऊ यंत्रं पाठीमागे लपवू लागले.

"पण नंबर?" जेमान पुटपुटला. "बेवारस थडग्यांना सरकार नंबर लावतं ना, उचलून न्यायच्या आधी? मला वाटलं, आमच्यांना लावलेत. माझा जीवच गेला."

"आणि पलीकडे दोनशे पावलांवर तीन आहेत, ती नाही दिसली?"

"दिसली की. पण ती सुंदर कापलेली होती. ज्यांची मुलं चांगली त्यांची असणार, म्हणून पुढे आलो." तो खाली बघत म्हणाला, "वाटलं, सोडून दिलेली असतील तीच आमची."

मालजाच्या जिभेवरची रांग तिथल्या तिथे पांगली. तिने त्याच्या बाहीला धरलं आणि त्याला पलीकडच्या तीन थडग्यांपाशी नेलं. बिचाऱ्याला एकदा वाहिलेला सुका मासा दुसऱ्यांदा वाहावा लागला. पुन्हा दोन नमस्कार झाले. ह्या वेळी तो रडला नाही, नुसता त्या गवतावरून हात फिरवत बसला.

"कोण कापतं हे, काकू?"

"मीच. आमच्या ह्यांचं कापून झालं की यंत्रात पेट्रोल उरतं."

"उरतं," तो म्हणाला आणि तिच्यापुढे कमरेत वाकला. मग त्याला आठवलं. "आई अजून सगळ्यांना सांगते, आमच्या जागेत दैव आहे. गावातली सगळी थडगी करपली तरी आमचं हिरवं. माझ्या थोरल्या भावाची बढतीसुद्धा त्यामुळेच झाली म्हणते."

दैवाचा खरा इतिहास मालजाला माहीत होता, आणि सांगायची ती वेळ नव्हती.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या वादळात समुद्र जुना बांध ओलांडून आला आणि किनाऱ्याजवळची थडगी बोडकी झाली. ज्याने त्याने आपापली सावरली. प्यो घराण्याचं गावात कुणी उरलं नव्हतं. रोज खाजणात शिंपले काढायला जाताना मालजाला ती तीन उघडी पोटं दिसायची आणि दिवसभर चैन पडायची नाही. भरतीची शेवटची रेघ जिथे डोंगराच्या पायथ्याला लागते, तिथे तिला गवताचा एक पट्टा सापडला होता. खाजणातल्यासारखं चिवट, पण डोंगरातल्यासारखं बारीक पात्याचं. तिथून ते खणून तिने प्यो मंडळींना पांघरलं. परक्याच्या थडग्याला न विचारता हात लावणं म्हणजे परक्याच्या बापाच्या अंगावरची चादर ओढणं, हे तिलाही कळत होतं. म्हणून ती भर दुपारी गेली, गाव झोपलेलं असताना. ते गवत धरलं. मग दरवर्षी त्यातलं सगळ्यात दाट धावणारं मूळ निवडून तिने शेतात लावलं, त्यातलं पुन्हा निवडलं.

नवऱ्याला हा उद्योग म्हणजे खूळ वाटायचं. तो आणि हाकगू, दोघे भाऊ गवताच्या धंद्यातले, दारूला बसले की मालजाचं खाजणगवत हा त्यांचा खारा दाणा असायचा. नऊ वर्षांपूर्वी अंथरुणावर पडल्यापडल्याही तो म्हणाला होता, "माझ्यावर ते चिखलाचं गवत घालू नकोस. लोक म्हणतील, बायकोने खाजणात पुरला." तिने शब्द पाळला. त्याच्यावर हाकगूचं डोंगरी गवत घातलं आणि दर उन्हाळ्यात एक दिवसाआड दोन कॅन गोडं पाणी चढण चढून नेऊन त्याला जगवलं. तिचं गवत नाकारून घातलेल्या त्या गवताला ती नऊ वर्षं पाणी वाहत होती, आणि त्यातही तिने कधी कुचराई केली नाही.

परीक्षक आले ते बारा दिवसांनी, शुक्रवारी. दोघे होते. बोलायचे ते थोरले, डॉक्टर नाम, पांढऱ्या भुवयांचे आणि मोजक्या शब्दांचे. हाकगू नवी टोपी घालून आला होता. तिन्ही उंचवटे टक्कल पडलेले. तिसऱ्यावर हिरवी टोकं वर यायला लागली होती, पण लागली होती एवढंच.

"ही परीक्षा रद्द धरायला हवी," हाकगू म्हणाला. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण ह्यात आता काय बघायचं? तीन टकली."

"माझ्याकडे दर महिन्याचे फोटो आहेत," ब्योनबाई म्हणाल्या.

"फोटो मी पाहिले," डॉक्टर नाम म्हणाले. "तिसरं चांगलं होतं. पण खाजणाच्या रक्ताचं गवत ओल असेपर्यंत छान दिसतं, मग पाच-सहा वर्षांनी विरळ होतं. मी असे तीन प्रयोग फसलेले पाहिलेत. दोन वर्षं टिकलं म्हणजे दहा वर्षं टिकेल असं मी लिहून देऊ शकत नाही." त्यांनी वही मिटली. "पुन्हा लावा. आणखी दोन वर्षं बघू."

"मावशी, माझा नाइलाज आहे," ब्योनबाई हळूच म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत त्यांचा अहवाल जातो."

मालजा पलीकडच्या तीन थडग्यांकडे बघत होती. डॉक्टरांना हवी ती वर्षं तिथे, दोनशे पावलांवर, हिरवीगार उभी होती. पण ती दाखवायची तर गवत उकरून मूळ दाखवावं लागणार. म्हणजे आधी कबूल करावं लागणार, आणि एका म्हातारीचं दैव मोडावं लागणार. गप्प राहावं असं तिला क्षणभर वाटलंही. मग तिला ते पत्रे दिसले, आणि पत्र्यांखालचा अंधार.

तिने घरी येऊन जेमानला फोन लावला आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं.



"काकू," तो म्हणाला, "म्हणजे आईचं ते दैव..."

"हातगाडीवरून आणलं होतं. दोन खेपा. आणि आता त्यातलं वीतभर उकरून माणसांना दाखवायचंय. तू नको म्हणालास तर मी हातसुद्धा लावणार नाही. तेव्हा विचारलं नव्हतं, आता विचारते."

"उद्या येतो," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. हो की नाही, काही कळलं नाही.



शनिवारी सकाळी नऊच्या आत जेमान आला, काळा सूट, पाच तास गाडी चालवून आलेला चेहरा. परीक्षक, ब्योनबाई, सरपंच, हाकगू, सगळे प्यो मंडळींच्या थडग्यांपाशी उभे होते.

"आईला सांगितलं," तो म्हणाला. "रागावली. मग जेवताना विचारते, त्या बाईकडे अजून आहे का ते दैव? धाकट्या मामाच्या थडग्यावर टाकायला हवंय."

सरपंच खोकल्याच्या निमित्ताने मागे वळले.

जेमानने आणलेल्या बाटलीतली सोजू वडिलांच्या थडग्यापुढे वाहिली, दोन नमस्कार घातले आणि तसाच गुडघ्यांवर बसून मोठ्याने म्हणाला, "बाबा, दचकू नका. आम्हीच आहोत. कुणी हलवत नाहीये तुम्हाला. फक्त गवत बघतायत." मग मालजाच्या हातातला विळा घेऊन त्याने समुद्राच्या बाजूने वीतभर चौकोन स्वतः कापला. कापायला जोर लागला. चौकोन उचलला तेव्हा खालची माती त्याच्याबरोबर उचलली गेली, मुळांनी धरून ठेवलेली.

डॉक्टर नाम तो चौकोन हातात घेऊन उभे राहिले. बोटांनी मुळं उलगडली, खालच्या मातीत यंत्राची सळई खुपसली, आकडा बघितला, रुमालाने सळई पुसून पुन्हा खुपसली. दोन वर्षं बादल्यांनी पाजलेल्या उंचवट्यांत जेवढं मीठ होतं, त्याच्या दीडपट इथे होतं.

"ह्याला पाणी कोण घालतं?"

"पाऊस," मालजा म्हणाली.

"किती वर्षं झाली?"

"एकोणीस."

"कुणी पाहिलंय?" डॉक्टरांनी भुवया वर केल्या. "बाई, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण मला लिहून द्यायचंय. चार वर्षांपूर्वी लावलं असेल तरी आज असंच दिसेल. लावताना कुणी पाहिलं असेल तर सांगा."

कुणी बघू नये म्हणून तर मालजा भर दुपारी गेली होती. एकोणीस वर्षांपूर्वीचा तिचा शहाणपणा आज तिच्याच मुळावर आला होता. ब्योनबाईंनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी मान हलवली, त्यांना काही ठाऊक नव्हतं.

हाकगूने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग काढून हातातच ठेवली.

"मी पाहिलं," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. मालजाही.

"त्या वादळानंतर दादाकडे आलो होतो, त्याची शेती सावरायला. दुपारी बांधावरून येत होतो. वहिनी हातगाडी ओढत होती, वर ओली चिखलाची गवतं रचलेली. घरी जाऊन दादाला सांगितलं, तुझी बायको खाजण विकत घेऊन आली बघ. दोघं पोट धरून हसलो." तो पुढे म्हणाला, "वादळाचं साल तुमच्या दप्तरात असेल. एकोणीस वर्षं बरोबर आहेत. लिहा माझं नाव. गवतवाला हाकगू, पहिल्या नंबरचा."

डॉक्टर नाम लिहू लागले. लिहून झाल्यावर त्यांनी तो चौकोन मालजाच्या हातात दोन्ही हातांनी परत दिला, मोठ्या माणसाला वस्तू देतात तसा, आणि किंचित वाकले. "मी फसलेले तीन प्रयोग पाहिले होते," ते म्हणाले. "न फसलेला आज पाहिला."

मालजाने तो तुकडा होता तिथे बसवला आणि तळव्याने दाबला. चौथी मुलगी झाली तेव्हा तिच्या बापाने आता मुली पुरेत म्हणून तिचं नाव मालजा, म्हणजे शेवटची, असं ठेवलं होतं. आज ते नाव सरकारी कागदावर जाणार होतं, गवताच्या रकान्यापुढे. तिला स्वतःचा फार अभिमान वाटला आणि तो लपवावा असंही वाटलं नाही. उठताना तिने हातांची माती एप्रनला पुसली आणि मान ताठ करून दिराकडे पाहिलं.

"का सांगितलंत, भावजी?"

"खोटं कसं बोलू? सुका मासा पुढ्यात आहे, त्यांचे तीन पूर्वज बघतायत." मग हाकगू तिच्याकडे न बघता, वर चढणीकडे बघत म्हणाला, "वहिनी, दादाच्या थडग्यावर माझंच आहे ना अजून?"

"तुमचंच. शब्द दिला होता."

"मी दर छुसकला येतो, बघतो. समुद्राच्या इतक्या जवळ माझं गवत इतकं बरं कसं राहतं, म्हणून लोकांना मी ते थडगं दाखवायचो. म्हणायचो, बघा, नुसतं बाईमाणसाने लावलेलं, तरी टिकलंय. आत्ता तुम्ही पाऊस म्हणालात तेव्हा डोक्यात आलं. दादाला पाणी कोण घालतं?"

मालजा एप्रनवरची माती झटकू लागली.

"किती?" त्याने विचारलं.

"दोन कॅन. एक दिवसाआड. उन्हाळ्यात फक्त."

हाकगूने दोन्ही हातांनी टोपी चुरगाळली. जेमान आणि ब्योनबाई उगाचच दुसरीकडे बघू लागले.

"आता वसंतात ते काढून टाकू," तो म्हणाला. "तुमचं लावू."

"माझं गवत नको म्हणाले होते ते. मी शब्द मोडणार नाही."

"तुम्ही कशाला मोडता? मी मोडतो. माझा भाऊ आहे, माझ्याशी भांडू दे."

हानसिकचा दिवस उजाडला, थडग्यांची डागडुजी करायचा, तेव्हा बांधावर ब्योनबाईंची माणसं मालजाच्या शेतातलं गवत अंथरत होती, पहिल्या शंभर प्योंगांचं. मालजा तिथे थांबली नाही. ती चढण चढून वर गेली. हाकगू आधीच आला होता. सत्तरीला टेकलेला माणूस, गुडघ्यांवर बसून भावाच्या अंगावरचं स्वतःचं गवत सोलत होता, आणि एकेक तुकडा काढताना बडबडत होता, "दचकू नकोस, दादा. मीच आहे. तुझं हसणं पुरे झालं आता."

बाजूला ओली गवतं रचलेली हातगाडी उभी होती. मालजाने त्यातला पहिला तुकडा उचलून त्याच्या हातात दिला. त्याने तो समुद्राच्या बाजूला बसवला, मुठीने ठोकला, आणि दुसऱ्यासाठी हात मागे केला.

"पाणी आणू का?" तिने सवयीने विचारलं.

"नको," हाकगू म्हणाला. "ह्याला लागत नाही."

ती गवतात बसली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ती ही चढण रिकाम्या हातांनी चढून आली होती.